शॉट पीनिंगच्या ताणाचा अंदाज एक्स-रेशी जुळत नाही तेव्हा

शॉट पीनिंग म्हणजे धातूवर बारीक पोलादी गोळ्यांचा (शॉटचा) मारा करून पृष्ठभागात दाबाचा ताण बसवणं. सिम्युलेशनने पृष्ठभागावर −१,३०० मेगापास्कल ताण दाखवला आणि प्रयोगशाळेचा एक्स-रे अहवाल आला −८०० चा. आता यातलं खरं कोणतं? गियर आणि स्प्रिंगच्या कामात हा प्रश्न माझ्याकडे इतक्यांदा आलाय की समोरचा बोलायला लागला की पुढचं वाक्य मला आधीच ठाऊक असतं: "मेशिंग अजून बारीक केलं, तरी जुळत नाही." मेशिंग, म्हणजे मॉडेलचे बारीक घटकांत तुकडे पाडणं, बहुतेक वेळा बिचारं निर्दोष असतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

लक्षणं

तुमची तक्रार यातली कोणती, ते आधी ठरवा. (वजा म्हणजे दाबाचा ताण, अधिक म्हणजे ओढीचा.)

- पृष्ठभागावर मॉडेल फार जास्त दाब दाखवतं, पण ५०-१०० मायक्रॉन खाली दोन्ही वक्र बरेचसे जवळ येतात.
- वक्राचा आकार बरोबर, पण दाबाच्या थराची खोलीच चुकते. मॉडेल म्हणतं ०.३ मिमी, मोजलं तर ०.२.
- शेजारच्या दोन नोडवर (मॉडेलचे घटक जुळतात त्या बिंदूंवर) दोन वेगळेच आकडे. वक्र करवतीच्या दातांसारखा.
- खळग्याच्या मधोमध चक्क ओढीचा ताण.
- पहिला नमुना छान जुळला, पुढच्या लॉटला सगळं बिघडलं.

पहिलं लक्षण दिसलं की संशय मोजमापाच्या तुलनेवर आणि मटेरियल मॉडेलवर. दुसऱ्यात शॉटचा वेग किंवा आकार. तिसरं आणि चौथं जवळजवळ नेहमी मॉडेलमध्ये मारलेल्या शॉटची संख्या आणि सरासरीची पद्धत यांतून येतं. पाचव्यासाठी संगणक बंद करा आणि शॉप फ्लोअरवर जा.

कागद वाचा (खर्च शून्य, वेळ अर्धा तास)

हे लिहायला लाज वाटते, पण माझे तीन आठवडे एकदा यातच गेलेत. चाकणच्या बाजूच्या एका कारखान्याचा गियर होता. ड्रॉइंगवर इंटेन्सिटी (माऱ्याचा जोर, आल्मेन नावाच्या चाचणीच्या पट्टीला किती मिमी कमान येते त्यावरून सांगितलेला) ०.३० लिहिली होती, मी ती ए प्रकारच्या पट्टीची धरली. मॉडेल सतत दुप्पट-तिप्पट खोल जायचं. घर्षणाचा गुणांक ०.२ चा ०.४ केला, डॅम्पिंग बदललं, शॉटची जागा बदलली. शेवटी ऑपरेटरच्या टेबलावरची पट्टी हातात घेतली तर ती पातळ, एन पट्टी निघाली.

आल्मेन पट्ट्या तीन जाडीच्या येतात. लांबी ७६ मिमी आणि रुंदी १९ मिमी तिन्हींची सारखीच, जाडी मात्र वेगळी: एन ०.७९ मिमी, ए १.२९ मिमी, सी २.३९ मिमी. एकाच माऱ्याला एन पट्टी ए पट्टीच्या साधारण तिप्पट वाकते आणि सी पट्टी ए पट्टीच्या साडेतिनाव्या हिश्शाने. म्हणजे नुसतं "०.३०" हे अर्धंच वाक्य झालं. अमेरिकी ड्रॉइंगवर "१२ए" असतं, त्याचा अर्थ ०.०१२ इंच, म्हणजे ०.३० मिमी. ताणाचे आकडे केएसआयमध्ये (हजार पौंड प्रति चौरस इंच) असतील तर १ केएसआय म्हणजे ६.९ मेगापास्कल, हेही डोक्यात असू द्या.

त्याच बैठकीत रूट कार्ड (भागावर कोणत्या क्रिया झाल्या त्याची नोंद) वाचा. पीनिंगनंतर भाग कुठे गेला? होनिंग किंवा सुपरफिनिशिंग (घासून गुळगुळीत करणं) झालं असेल तर वरचे काही मायक्रॉन गेले आणि तुमचा "पृष्ठभाग" आता मॉडेलमधल्या थोड्या खालच्या थरावर आला. भट्टीत गेला असेल तर ताण सैल पडतो. पोलादाला २०० अंशांच्या आत सहसा फार धक्का बसत नाही, पण ॲल्युमिनियमच्या बाबतीत शंभर अंशांच्या आसपासच सावध व्हावं लागतं. ट्रकचा कमानपाटा असेल तर पीनिंगच्या वेळी तो वाकवून धरला होता का, हे विचारा. ताणलेल्या स्थितीत पीनिंग केलं की सोडल्यावर दाबाचा ताण बराच जास्त मिळतो. मॉडेलमध्ये तो आधीचा बाक नसेल तर आकडा कमी येणार हे ठरलेलंच.

सॅच्युरेशन वक्र मागा

इंटेन्सिटी म्हणजे एका पट्टीची कमान मोजून सांगितलेला आकडा नव्हे. वेगवेगळ्या वेळा मारून किमान चार पट्ट्या घ्यायच्या, वेळ विरुद्ध कमान असा वक्र काढायचा, आणि वेळ दुप्पट केल्यावर कमान फक्त १० टक्क्यांनी वाढते तो पहिला बिंदू पकडायचा. त्या बिंदूवरची कमान म्हणजे इंटेन्सिटी. जॉन आल्मेन यांनी ही पद्धत जनरल मोटर्समध्ये असताना १९४० च्या दशकात बसवली. तिच्याहून स्वस्त आणि भरवशाची दुसरी पद्धत आजही कारखान्यात दिसत नाही.

घाईच्या दिवशी ऑपरेटर एकच पट्टी मारतो आणि तिचा आकडा रजिस्टरमध्ये टाकतो. ती पट्टी वक्राच्या चढावर होती की पठारावर, हे कुणालाच कळत नाही. मॉडेलमधला शॉटचा वेग तुम्ही याच आकड्यावरून काढणार असता. पाया असा असेल तर वरची भिंत कितीही प्लंब लावून बांधा.

दहापट भिंग आणि मूठभर शॉट

कव्हरेज, म्हणजे किती पृष्ठभाग खळग्यांनी झाकला गेला ते, डोळ्यांनी बघा. पट्टी सॅच्युरेट झाली म्हणजे भागावर कव्हरेज पूर्ण झालं, हा मोठा गैरसमज आहे. पट्टीची कठिणता ४४ ते ५० एचआरसी (रॉकवेल सी, कठिणतेचं माप) असते, तर कार्बुरायझिंग केलेला (वरच्या थरात कार्बन मुरवून कडक केलेला) गियर ५८ ते ६२. कठीण पृष्ठभागावर खळगे लहान पडतात, म्हणून तितकंच क्षेत्र झाकायला जास्त वेळ लागतो.

गणित सोपं आहे. एका फेरीत ६० टक्के झाकलं जात असेल तर दुसऱ्या फेरीतले शॉट नेमके मोकळ्या जागेवर पडत नाहीत, ते कुठेही पडतात. उरलेल्या ४० टक्क्यांचे ६० टक्के झाकले जातात, म्हणजे एकूण ८४. तिसऱ्या फेरीला ९३.६, चौथ्या फेरीला ९७.४, पाचव्याला ९९. म्हणून शंभर टक्के असा बिंदू गणितात येतच नाही, व्यवहारात ९८ लाच पूर्ण म्हणतात. २०० टक्के म्हणजे त्याच्या दुप्पट वेळ. आता तुमच्या मॉडेलकडे बघा. नऊ शॉट नीट चौकटीत मारलेत? मग ते कव्हरेज कारखान्यातल्या पावसासारख्या माऱ्याशी जुळणार नाही. खळग्याच्या मधोमध ओढीचा ताण दिसतो तो इथूनच येतो. एकट्या खळग्याच्या तळाशी कमी दाब किंवा ओढ दिसणं स्वाभाविक आहे, शेजारचे खळगे एकमेकांवर चढले की ती पुसली जाते. शॉट वाढवा, जागा यादृच्छिक ठेवा, आणि आकडा स्थिर होईपर्यंत वाढवत राहा.

मग यंत्रातले मूठभर शॉट पांढऱ्या कागदावर ओता. एस२३० या मापाच्या शॉटचा नाममात्र व्यास ०.६ मिमीच्या आसपास. त्यात झिजलेले, फुटलेले, अर्धचंद्रासारखे किती, हे भिंगाखाली मिनिटभरात दिसतं. वस्तुमान व्यासाच्या घनाने बदलतं: व्यास १० टक्क्यांनी वाढला तर वस्तुमान ३३ टक्क्यांनी वाढतं. मॉडेलमध्ये सगळे शॉट एकाच मापाचे गोल मोती असतात आणि हॉपरमध्ये चार महिन्यांची भेळ. पुढच्या लॉटला बिघडलं अशी तक्रार असेल तर माझी पहिली पैज याच मुठीवर. फुटक्या शॉटची धार पृष्ठभाग कापते, ते नुकसान वेगळंच.

शॉटची कठिणताही विचारा. साधारण ओतीव पोलादी शॉट ४० ते ५१ एचआरसीचे असतात. ते ६० एचआरसीच्या दातावर आपटले की शॉट स्वतःच चेपतो आणि ऊर्जेचा काही वाटा त्यातच जिरतो. मॉडेलमध्ये शॉट कडक, न चेपणारा धरला असेल तर अंदाज फुगणार. अशा कामाला ५५ ते ६२ एचआरसीचे कठीण शॉट मिळतात, पण कारखान्यात प्रत्यक्ष कोणते भरलेत ते बघायला हवं.

एक्स-रेचा आकडा म्हणजे नेमकं काय?

इथे थोडा रेंगाळणार आहे, कारण पृष्ठभागावर फार फरक या तक्रारीचा निम्मा निकाल इथेच लागतो.

पुण्याच्या तांबट आळीत हंडा मठारताना हातोडीचा प्रत्येक ठोका तांब्याचा वरचा थर आडवा पसरवू बघतो. शॉट पीनिंग तेच करतं, फक्त हातोडी अर्ध्या मिलिमीटरची आणि ठोके लाखो. पसरू बघणाऱ्या थराला खालचा न हललेला धातू जागेवर दाबून धरतो, म्हणून वर दाब आणि आत तोल सांभाळणारी ओढ. हा ताण जागोजागी सारखा नसतो. खळग्याच्या तळाशी वेगळा, काठावर वेगळा.

एक्स-रे यातलं काय बघतो? पोलादासाठी सहसा क्रोमियमच्या नळीचे किरण वापरतात, फेराइट किंवा मार्टेन्साइटच्या (पोलादातल्या स्फटिकरचना) २११ पातळीवरून (अणूंच्या थरांचा एक संच) ते साधारण १५६ अंशांवर परततात, आणि ते आत शिरतात जेमतेम ५ मायक्रॉन. ठिपका असतो १ ते ३ मिमीचा. समजा ठिपका २ मिमीचा आणि खळगा ०.२ मिमीचा, तर क्षेत्रफळाने शंभर खळगे त्या एका आकड्यात मिसळलेले असतात. आणि तुम्ही त्याची तुलना कशाशी करता? मॉडेलच्या मधल्या खळग्याखालच्या एका नोडशी. म्हणजे अख्ख्या शहराचा पाऊस एका अंगणातल्या बादलीशी ताडून बघायचा.

सुधारणा फुकट आहे. त्या खोलीवरच्या पूर्ण समतलाची सरासरी घ्या, कडेचे घटक वगळा, आणि पृष्ठभागाच्या बिंदूसाठी वरच्या ५ मायक्रॉनची भारित सरासरी काढा. वर जास्त भार, खाली कमी होत जाणारा. माझ्याकडच्या करवतीसारख्या वक्रांपैकी बहुतेक एवढ्यानेच सरळ झालेत. तरीही नाही झाला तर मग मेशिंगकडे बघा: खळग्याच्या व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतका घटक पुरतो. त्याहून बारीक करून मी संगणकाच्या पंख्याखेरीज कशातही फरक पडलेला पाहिलेला नाही.

अहवालात आणखी तीन गोष्टी शोधा. पहिली, प्रत्यास्थ स्थिरांक (मोजलेल्या विकृतीवरून ताण काढायचा आकडा) कोणता वापरला. २११ पातळीसाठी पोलादाचा एक्स-रे स्थिरांक सुमारे ५.८ भागिले दहा लाख, प्रति मेगापास्कल. कुणी पुस्तकी यंग मापांक २१० गिगापास्कल आणि प्वासाँ गुणोत्तर ०.३ घालून काढला तर ६.२ येतो. म्हणजे नुसत्या आकडेमोडीत ६ ते ७ टक्क्यांचा फरक. दुसरी, खोलीत जाताना थर कसा काढला. इलेक्ट्रोपॉलिशनेच (विजेने द्रावणात धातू विरघळवून) काढायचा, कारण घासून काढला तर घासण्याचाच नवा ताण चढतो. शिवाय दाबाचा थर काढला की खालचा ताण थोडा बदलतो. मूर आणि इव्हान्स यांनी १९५८ मध्ये त्याची दुरुस्ती दिली, ती केलीय की नाही ते अहवालात असायला हवं. तिसरी, नमुना कापला होता का. गियरच्या दाताच्या मुळाशी किरण पोचावा म्हणून शेजारचा दात कापतात. त्याने ताण काही प्रमाणात सुटतो, आणि ही गोष्ट विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

मोजमाप भोक पाडून, स्ट्रेन गेजने केलेलं असेल तर पहिल्या काही दशक मायक्रॉनचे आकडे फार मनावर घेऊ नका. खोलवरचा कल बघायला ती पद्धत ठीक.

पीनिंगआधीचा भाग

मॉडेलमध्ये भाग ताणरहित जन्मतो. प्रत्यक्षात तो उष्णता प्रक्रियेतून आणि ग्राइंडिंगमधून आलेला असतो. पीनिंग न केलेला, त्याच लॉटमधला एक भाग मोजून घ्या. हा खर्च करायचा आहे, टाळायचा नाही. त्याआधी स्वस्तातलं काम म्हणजे नायटल एच (पृष्ठभागाला सौम्य नायट्रिक आम्लाचं द्रावण लावून बघणं): ग्राइंडिंगमध्ये जळालेली जागा काळपट दिसते, तिथे आधीच ओढीचा ताण बसलेला असू शकतो. पृष्ठभागापासून आत सूक्ष्म कठिणता मोजून घ्या. वरचा थर डीकार्ब होऊन (त्यातला कार्बन निघून जाऊन) मऊ पडला असेल तर तो तितका ताण धरूच शकत नाही, आणि पृष्ठभागावरच कमी आकडा येण्याचं हे फार सामान्य कारण आहे.

मॉडेल: आधी पट्टी, मग गियर

आता कुठे सॉफ्टवेअर उघडा. आणि गियर नाही, आल्मेन पट्टीचं मॉडेल करा. चार स्क्रूंनी सपाट धरलेली, मारा झाल्यावर सोडलेली. शॉटचा वेग बदलत कमान मोजलेल्या इंटेन्सिटीशी जुळवा. "हवेचा दाब ४ बार" यावरून वेग काढू नका. नोझल किती झिजलंय, पाइप किती लांब आहे, मिनिटाला किती शॉट जातात, यावर तो बदलतो. पट्टी या सगळ्याचा हिशेब आपोआप करते.

वेग ठरला की त्याला कुलूप लावा. वेगही ढिला आणि मटेरियलही ढिलं ठेवलं तर कोणताही वक्र कोणत्याही वक्राशी जुळतो, आणि पुढच्या भागाला तो अंदाज कवडीचा उपयोगी पडत नाही. हे सरळ सरळ स्वतःला फसवणं आहे, आणि मी ते केलेलं आहे.

दोन चिल्लर गोष्टी: शेवटच्या शॉटनंतर ताणलहरी शांत होईपर्यंत थांबून मग आकडा वाचा, आणि तुकड्याच्या तळाकडून लहरी परत येणार नाहीत अशी सीमा ठेवा. पातळ भाग असेल तर जाड ठोकळ्याचा वक्र जसाच्या तसा चालत नाही, भाग वाकून ताणाचा तोल बदलतो.

मटेरियलचे आकडे

जॉन्सन-कुक मॉडेल (धातू किती ताणाला वाहतो ते सांगणारं सूत्र) वापरताय? त्यातला ए ७९२, बी ५१०, एन ०.२६, सी ०.०१४ असेल तर तो ४३४० पोलादाचा संच आहे, तोही ३० एचआरसी कठिणतेचा. इंटरनेटवरून तो जिकडेतिकडे पसरलाय. ६० एचआरसीच्या २०एमएनसीआर५ गियरला तो लावणं म्हणजे पैलवानाला शाळकरी पोराचा सदरा.

दुसरा गुन्हेगार जास्त लबाड आहे. पहिल्या ठोक्याने धातू एका दिशेला वाहतो, शेजारचा ठोका त्याला उलट ढकलतो. एकदा एका दिशेला वाहिलेला धातू उलट दिशेला लवकर शरण येतो, याला बाउशिंगर परिणाम म्हणतात. साधं समदिश दृढीकरण हे विसरतं. त्याच्या लेखी प्रत्येक ठोक्याने धातू सगळ्या दिशांना कणखरच होतो, म्हणून पृष्ठभागावर दाबाचा ताण फुगतो. सुरुवातीच्या −१,३०० ला बहुधा हेच कारण असतं. संमिश्र दृढीकरण, म्हणजे समदिश अधिक स्थलांतरी (उलट दिशेची ही कमजोरी धरणारं), वापरलं की आकडा खाली येतो. पण त्याचे स्थिरांक उलट-सुलट भाराच्या चाचणीतूनच मिळतात, अंदाजाने भरून नाही.

कार्बुरायझिंग केलेल्या भागात आणखी एक गंमत असते. उरलेला ऑस्टेनाइट (कडक करताना न बदललेली पोलादाची मऊ रचना) माऱ्याखाली मार्टेन्साइट होतो, तो फुगतो, आणि त्याचा दाब वर जमा होतो. मॉडेलला हे माहीत नसेल तर इथे उलट घडतं, मोजलेला आकडा मॉडेलपेक्षा जास्त येतो.

थांबायचं कुठे

कागद, वक्र, कव्हरेज, शॉट, सरासरी, पीनिंगआधीचा ताण एवढं तपासूनही पृष्ठभागाखालचा सर्वोच्च दाब १५-२० टक्क्यांहून जास्त चुकत असेल तर मी थांबतो. हा माझा हिशेब आहे, कोणत्या मानकाचा नाही. त्यापुढे उलट-सुलट भाराच्या चाचण्या लागतात, आणि त्या करणाऱ्या प्रयोगशाळेचंच ते काम आहे. ऑस्टेनाइटचा संशय असेल तर उष्णता प्रक्रियेतल्या धातुशास्त्रज्ञाला बोलवा.

विमानाचा भाग, स्टिअरिंगचा भाग, किंवा तुटल्यावर माणूस जाईल असा कुठलाही भाग असेल तर पहिल्याच दिवशी बोलवा. तिथे अंदाज हा मोजमापाला पर्याय नाही, आणि पीनिंगची सेटिंग सिम्युलेशनच्या भरवशावर बदलायची नाही. एक्स-रेच्या यंत्राचं झाकण उघडून स्वतः काही करू नका, ती यंत्रं एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) नियमांखाली येतात आणि चालवणारा माणूस अधिकृत असावा लागतो. इलेक्ट्रोपॉलिशही घरगुती उद्योग नव्हे. त्यातली काही द्रावणं, विशेषतः परक्लोरिक आम्लाची, स्फोटक ठरू शकतात.

बोलावताना हातात एवढं ठेवा: सॅच्युरेशन वक्राचे सगळे बिंदू, पट्टीचा प्रकार, एक मूठ शॉट पिशवीत, पीनिंग न केलेला एक भाग, रूट कार्डची प्रत. मागच्या वेळी मी ही पिशवी घेऊन गेलो, तेव्हा समोरच्याने मॉडेलबद्दल अर्धा तास एक प्रश्नही विचारला नाही. त्याने आधी शॉट कागदावर ओतले.